नावाला टाळे

डोमेन-नाव विकत मिळते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात ते भाड्याने मिळते आणि हे भाडे एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे भरता येते. भाडेकरूच्या वर पुष्कळ जण असतात. सर्वांत वर आयकॅन, ही १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ना-नफा संस्था. तिच्याखाली रजिस्ट्री, म्हणजे त्या त्या शेपटाची मूळ वही सांभाळणारी. डॉट कॉमची वही अमेरिकेतल्या व्हेरिसाइनकडे आहे आणि डॉट इनची भारतातल्या निक्सीकडे. रजिस्ट्रीच्या खाली रजिस्ट्रार, म्हणजे खिडकीत बसून नावे देणारा. त्याच्याखाली बहुतेक वेळा एक रिसेलर, जो तीच नावे कमिशनवर देतो. आणि सर्वांत खाली, ते नाव पाटीवर रंगवून घेतलेला, बिलबुकावर छापलेला, टेम्पोच्या पाठीवर लिहिलेला आणि म्हणून स्वतःला त्याचा मालक समजणारा गृहस्थ.

या उतरंडीतल्या बहुतेकांना त्या गृहस्थाचा धंदा थांबवता येतो. पण रोजच्या व्यवहारात तो मान रजिस्ट्रारचा. मूळ वहीत प्रत्येक नावापुढे शेऱ्याचा एक रकाना असतो. रजिस्ट्रारने तिथे ‘क्लायंटहोल्ड’ एवढा शेरा टाकला की ते नाव जगाच्या यादीतून गळते. मग संकेतस्थळ उघडत नाही, मेल येत नाही, गेलेल्या मेलला उत्तर येत नाही आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर त्याच नावावर चालत असेल तर तेही बसते. शेरा टाकायला एक क्लिक लागते. पुष्कळ ठिकाणी तीही माणूस करत नाही.

या शेऱ्याने मोडत मात्र काहीच नाही. ही गोष्ट समजून घ्यायला अंबत्तूरसारखी जागा नाही. चेन्नईच्या वायव्येचे हे उपनगर २०११ मध्ये महानगरपालिकेत आले. त्याची औद्योगिक वसाहत त्याहून बरीच जुनी, १९६४ची. मराठी वाचकाने भोसरी डोळ्यांसमोर आणावी आणि पाट्यांवर तमिळ अक्षरे घालावीत, म्हणजे चित्र पुरे होते. लेथ, प्रेस, डाय, फिक्स्चर, मोटारींचे सुटे भाग, जॉबवर्क, दुपारचा सांबारभात. अलीकडच्या वर्षांत याच शेडांच्या शेजारी डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. जपानच्या एनटीटीने आपला चेन्नईतला नवा डेटा सेंटर परिसर २०२३ मध्ये इथेच सुरू केला. त्यामुळे आता असे घडू शकते की कारखाना एका गल्लीत, त्याचे संकेतस्थळ ज्या यंत्रावर ठेवले आहे ते यंत्र पलीकडच्या गल्लीत, वीज आहे, थंडावा आहे, हिरवे दिवे लुकलुकत आहेत, सगळ्या फायली जागेवर आहेत. पण अमेरिकेतल्या कोणा खिडकीवाल्याने शेरा टाकल्यामुळे या गल्लीतल्या माणसाला त्या गल्लीतली स्वतःची वस्तू सापडत नाही. चालत गेला तर दहा मिनिटे लागतील. पण चालत जाऊन संकेतस्थळ बघता येत नाही.

आता संशय कसा येतो ते पाहू. नमुन्यादाखल स्प्रिंगा आणि वॉशर बनवणारा एक कारखाना घ्यावा. तो कल्पित आहे, पण वसाहतीत कोणत्याही कोपऱ्यावर सापडेल. त्याचे मालक, कामगारांच्या तोंडी मुदलाळी, यांनी कधी कोणाला फसवलेले नाही. त्यांचे संकेतस्थळ पुतण्याने कॉलेजात असताना दिवाळीच्या सुट्टीत बनवून दिले. नाव पुतण्याच्या खात्यावर घेतले, पैसे पुतण्याच्या कार्डावरून गेले आणि मेलचा पत्ता पुतण्याच्या कॉलेजने दिलेला होता. पुढे पुतण्या अमेरिकेत गेला आणि कॉलेजने पत्ता बंद केला. संकेतस्थळ मात्र निष्ठेने चालू राहिले. त्यातले वर्डप्रेस आणि त्याची प्लगइने तेव्हापासून कोणी अद्ययावत केली नाहीत, कारण चालू मशिनला हात लावू नये हा शॉपफ्लोअरचा नियम मुदलाळींना मान्य आहे. लेथच्या बाबतीत तो शहाणपणाचाही आहे.

अशा उघड्या खिडकीतून एका रात्री कोणीतरी आत शिरतो आणि ‘वॉशर’ या फोल्डरच्या पोटात एका परदेशी बँकेचे लॉगिनचे हुबेहूब पान ठेवून जातो. मुदलाळींना त्या बँकेचे नावही ठाऊक नसते. पण त्या पानाकडे लोकांना ओढणारे हजारो मेल जगभर जातात, त्यातल्या कोणाचे तरी पैसे जातात, बँक तक्रार करते आणि तक्रारीत नाव मुदलाळींचे असते. हा रस्ता सर्वांत प्रचलित. दुसरा रस्ता शेजारधर्माचा. स्वस्त होस्टिंगवर शेकडो संकेतस्थळे एकाच आयपी पत्त्यावर राहतात. त्यातले एक बिघडले की त्या पत्त्यावरून निघणारे सगळेच मेल संशयित ठरतात.

तिसरा रस्ता भक्तीचा आहे. आपली खंडेनवमी ती तिकडची आयुधपूजा. त्या दिवशी लेथला चंदन-कुंकू लागते, प्रेसवर झेंडूची माळ चढते, दारात कोहळा फुटतो आणि कामगारांना मिठाईचा पुडा मिळतो. शास्त्रोक्त भाग इथे संपतो. त्यानंतर ऑफिसातला संगणकही पूजेला लागतो आणि मुदलाळी आजवर ज्या ज्या गिऱ्हाइकाने, पुरवठादाराने, सेल्स टॅक्सच्या वकिलाने आणि प्रदर्शनात भेटलेल्या अनोळखी माणसाने कार्ड दिले त्या सर्वांना शुभेच्छांचा एकच मेल पाठवतात. वर्षभर दिवसाला सहा मेल पाठवणारे खाते पाच मिनिटांत चारशे मेल पाठवते, प्रत्येकाला एक जड चित्र जोडलेले, मजकूर सगळीकडे सारखा, विषय ठळक अक्षरांत आणि शेवटी तीन उद्गारचिन्हे. चाळणी लावणाऱ्या यंत्राला देवी दिसत नाही. त्याला जे दिसते त्याला ते स्पॅम म्हणते, आणि व्याख्येप्रमाणे त्याचे फारसे चुकतही नाही. जगातला पहिला स्पॅम समजला जाणारा मेलही असाच सद्हेतूने गेला होता: ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क या विक्रेत्याने आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण अर्पानेटवरच्या जवळपास चारशे जणांना एकदम धाडले. आकडा तेव्हाही चारशेच्याच घरात होता.

संशयितांच्या याद्या ठेवणाऱ्या संस्था वेगळ्या असतात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध स्पॅमहाउस, तीही १९९८चीच. या संस्था कोणाचे काही बंद करत नाहीत. त्या फक्त यादी प्रसिद्ध करतात आणि बंद करण्याचे काम यादी वाचणारे आपापल्या जबाबदारीवर करतात. रजिस्ट्रार अशा याद्या वाचतात, शिवाय त्यांच्याकडे थेट तक्रारी येतात. २०१३ च्या करारात आयकॅनने प्रत्येक रजिस्ट्रारला तक्रारींसाठी एक पत्ता जाहीर करणे बंधनकारक केले आणि एप्रिल २०२४ पासून, पुरावा पक्का असेल तर कारवाईही बंधनकारक केली. त्या कलमात मालवेअर, बॉटनेट, फिशिंग, फार्मिंग आणि स्पॅम अशी पाच पापे मोजली आहेत. पैकी स्पॅम हे आधीच्या चारांपैकी एखाद्याचे वाहन असेल तरच पाप ठरते. नुसत्या शुभेच्छा त्यात येत नाहीत. पण रजिस्ट्रारच्या स्वतःच्या अटी याहून कडक असू शकतात, आणि त्या अटींखाली पुतण्याने सुट्टीत टिचकी मारलेली असते.

इथे रजिस्ट्रारची बाजू ऐकणे न्यायाचे होईल. फिशिंगचे पान लोकांना लुटते ते पहिल्या काही तासांतच. चौकशी, उत्तर, प्रत्युत्तर असा रीतसर पत्रव्यवहार करत बसले तर निकाल लागेपर्यंत चोर घरी पोहोचलेला असतो. दुसरे म्हणजे, रजिस्ट्रारला या धंद्यात सुटते किती? २०१८ साली डॉट कॉम नावाचा घाऊक भाव वर्षाला ७.८५ डॉलर होता, त्यावर आयकॅनचे १८ सेंट. गिऱ्हाईक फिरकत राहावे म्हणून किरकोळ भाव त्याच्या थोडाच वर ठेवावा लागतो. एका नावामागे हाती राहणाऱ्या एक-दोन डॉलरांत शिकलेल्या माणसाने अर्धा तास बसून तक्रार वाचणे परवडत नाही. म्हणून तक्रारी यंत्र वाचते. यंत्र एक, दोन, तीन असे मोजते आणि ठरलेला आकडा भरला की शेरा टाकते. नावामागचा कारखाना केवढा, त्यावर पगार किती जणांचे, हे मोजायला त्याला सांगितलेले नसते.

हे मोजमाप कुठवर जाऊ शकते, याचा अस्सल दाखला चेन्नईनेच दिला. शहराच्या दक्षिणेला, जीएसटी रोडवर झोहो या कंपनीचे मुख्यालय आहे. त्या रस्त्याचा कराशी संबंध नाही. ग्रँड सदर्न ट्रंक रोड हे त्याचे इंग्रजी अमदानीतले नाव. श्रीधर वेंबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अ‍ॅडव्हेंटनेट या नावाने सुरू केलेली ही कंपनी, २००९ पासून झोहो. मेल, हिशेब, विक्री, मनुष्यबळ असे कचेरीत लागेल ते सगळे सॉफ्टवेअर ती इंटरनेटवरून पुरवते. म्हणजे झोहो डॉट कॉम हे नाव थांबले की थांबतात त्या तिच्या असंख्य गिऱ्हाइकांच्या कचेऱ्या. तेव्हा कंपनीचे वापरकर्ते तीन कोटींच्या पुढे सांगितले जात.

सोमवार, २४ सप्टेंबर २०१८ रोजी हे नाव टिएरानेट या अमेरिकी रजिस्ट्रारने निलंबित केले. कारण फिशिंगच्या तक्रारी. कंपनीच्या म्हणण्यानुसार दोन महिन्यांत अशा तक्रारी आल्या होत्या तीन. दोहोंचा बंदोबस्त झाला होता आणि तिसरीची चौकशी चालू होती. कोट्यवधी खात्यांमागे तीन हे प्रमाण कोणत्याही पोलिस ठाण्याला हेवा वाटावा असे आहे, पण यंत्राने भागाकार केला नाही.

मग जे झाले ते कारभाराच्या अभ्यासकांनी जपून ठेवावे. जगातल्या कचेऱ्यांना मेलची सेवा विकणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाला आपल्याच रजिस्ट्रारपर्यंत पोहोचण्यासाठी ट्विटरवर जाहीर विनवणी करावी लागली. दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइके त्याच ट्विटरवर त्यांना गाठत होती. काही तासांनी शेरा उठला. पण यादीतून गळलेले नाव परत घालणे हे गळण्यापेक्षा संथ काम आहे. ठिकठिकाणच्या इंटरनेट पुरवठादारांचे संगणक नावांचे पत्ते काही काळ स्वतःजवळ साठवून ठेवतात. डॉट कॉमच्या वहीतल्या नोंदींवर हा काळ दोन दिवसांचा लिहिलेला असतो. म्हणून निलंबित नाव काही ठिकाणी मेल्यावरही चालत राहते आणि जिवंत झाल्यावर काही ठिकाणी मेलेलेच राहते. एकाच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर झोहो चालू आणि तिसऱ्यावर बंद, असे या दिवसांत होऊ शकत होते. आपापल्या संगणकात गूगलचा ८.८.८.८ हा नामसेवक भरा, असे गिऱ्हाइकांना सांगावे लागले, आणि हिशेबनीस मंडळींना आयुष्यात प्रथमच डीएनएस म्हणजे काय ते कळले.

कंपनीने नाव तातडीने क्लाउडफ्लेअरकडे हलवले. तीनच दिवसांनी, २७ सप्टेंबरला, क्लाउडफ्लेअरने आपली सर्वांसाठीची रजिस्ट्रार सेवा जाहीर केली. एवढी मोठी जाहिरात एवढ्या अचूक मुहूर्तावर आणि फुकट, पंचांग बघूनही साधत नाही. पुन्हा हा प्रसंग नको म्हणून आपणच रजिस्ट्रार होणार, असेही वेंबूंनी सांगून टाकले. हा उपाय उत्तम आहे. फक्त स्प्रिंगा बनवणाऱ्याला तो थोडा महाग पडतो.

तक्रारींत तथ्य नव्हते, असे मात्र नाही. झोहोची मोफत मेल खाती लबाडांच्याही आवडीची होती, हे सुरक्षा-अभ्यासकांनी त्याच सुमारास दाखवून दिले. फुकट खाते जिथे मिळते तिथे सज्जन एकटा येत नाही. प्रश्न शिक्षेच्या मापाचा आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूत सोने-चांदी गाळत आली आहेत. दागिन्यात हीण निघाले म्हणून सराफाचे दुकान बंद केल्याचे त्यांच्याबद्दल ऐकिवात नाही. रजिस्ट्रारच्या हातात मात्र भट्टी, चिमटा, तराजू यांपैकी काहीच नसते. एक खराब पान काढून टाकायची सोय त्याच्याकडे नाही, कारण पाने होस्टिंगवाल्याकडे असतात. त्याच्याकडे एकच बटण आहे आणि ते सगळ्या नावाचे आहे.

ही रीत २०१८ मध्ये सुरू झाली असेही नाही. जानेवारी २००७ मध्ये गोडॅडी या रजिस्ट्रारने सेकलिस्ट्स डॉट ऑर्ग हे संगणक-सुरक्षेवरील चर्चांचे जुने दफ्तर बंद केले, कारण त्यातल्या एका पत्रात मायस्पेसच्या सभासदांचे चोरीला गेलेले पासवर्ड होते. पाने लाखोंनी, आक्षेप एका पत्राला. मालकाला फोनवर निरोप ठेवला गेला आणि मिनिटभरात नाव गेले. फेब्रुवारी २०१२ मध्ये जॉटफॉर्मचे नाव अमेरिकी सीक्रेट सर्व्हिसच्या सांगण्यावरून बंद झाले. त्यावर लोकांनी बनवलेले सुमारे वीस लाख फॉर्म होते. कंपनीने घाईघाईने डॉट नेटचा आसरा घेतला आणि लोकांना आपापल्या फॉर्मचे शेपूट बदलायला सांगितले.

मोठ्यांचे नाव गेले तर बातमी होते. आपल्या नमुन्यातल्या कारखान्यात पहिली बातमी येते ती गिऱ्हाइकाच्या पर्चेस मॅनेजरकडून, आणि ती प्रश्नार्थक असते: कंपनी बंद केली का? कारण त्याने पाठवलेला मेल ‘असे डोमेन अस्तित्वात नाही’ या शेऱ्यासह परत आलेला असतो. चहाच्या वेळेपर्यंत वसाहतीत कंपनी विकल्याची बातमी पसरते, जेवणापर्यंत भावही ठरतो.

मग अपील सुरू होते. निलंबनाची सूचना रजिस्ट्रारने रीतसर पाठवलेली असते, ती पुतण्याच्या कॉलेजच्या बंद पडलेल्या पत्त्यावर. हा पत्ता दूरदृष्टीने आधीच बदललेला असेल तर तो निलंबित नावावरचाच असतो, म्हणजे सूचना पोहोचण्याचा रस्ता सूचनेनेच बंद केलेला. खात्यात शिरायला ओटीपी लागतो; तो त्याच पत्त्यावर जातो. मदतकेंद्राचा माणूस अत्यंत विनयशील असतो. त्याला मुदलाळींविषयी मनापासून वाईट वाटते, पण ‘अब्यूज’ विभागाशी बोलता येत नाही, त्यांना मेलच करावा लागतो आणि तो नोंदवलेल्या पत्त्यावरूनच यावा लागतो. तक्रार कोणती, ते गोपनीय. तक्रारदार कोण, तेही गोपनीय. काय सुधारले म्हणजे शेरा उठेल, हे सुधारल्यावर कळवले जाईल. हे सारे आपल्याच सुरक्षेसाठी आहे, असे प्रत्येक उत्तराच्या शेवटी लिहिलेले असते.

कागदपत्रे मागितली की मुदलाळींच्या जिवात जीव येतो, कारण कागदांना भारतीय कारखानदार भीत नाही. पॅन, जीएसटीचा दाखला, वीजबिल, उद्यम नोंदणी, बँकेचे पत्र, सगळे गोल शिक्क्यानिशी जाते. उत्तर येते की खाते पुतण्याच्या नावाने आहे, सबब पुतण्याचे ओळखपत्र पाठवावे. पुतण्याकडे आता रात्र असते. तो उठतो तेव्हा इकडे कारखाना सुटलेला असतो. पुतण्या राहतो ते कॅलिफोर्निया चेन्नईच्या साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे चालते, आणि यांतले नेमके किती हे त्यांच्या उन्हाळी घड्याळावर ठरते. या वेळात रजिस्ट्रार बदलावा म्हटले तर वहीत दुसराही एक शेरा असतो, नाव हलवू न देण्याचा. तो चोरांपासून संरक्षण म्हणून घातलेला असतो आणि खात्यात शिरल्याशिवाय निघत नाही.

स्पॅम न करताही असेच टाळे लागण्याचा एक मार्ग आहे. २०१३ च्या त्याच करारानुसार नवे नाव घेतल्यावर किंवा मालकाचा पत्ता बदलल्यावर रजिस्ट्रार पडताळणीचा मेल पाठवतो. पंधरा दिवसांत त्यातल्या दुव्यावर टिचकी मारली नाही तर नाव निलंबित होऊ शकते. अनोळखी मेलमधल्या दुव्यावर कधीही टिचकी मारू नये, हे बँका, पोलिस आणि शाळकरी नातवंडे मुदलाळींना रोज बजावत असतात. ते ऐकतात.

मातृभाषेत नाव घ्यावे तर त्यालाही संशयाची किनार आहे. देवनागरीतले ‘डॉट भारत’ २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले आणि मराठी त्यात पहिल्या दिवसापासून आहे. पण मूळ वहीला देवनागरी वाचता येत नाही. ‘भारत’ तिथे एक्स-एन-दोन-आडव्या-रेघा-एच-टू-बी-आर-जे-नाइन-सी असे लिहिले जाते. काही मेलपेट्यांत नाव याच अवतारात उमटते. आजोबांच्या नावाने चालणारे दुकान अशा वेळी एखाद्या चोराने घाईत टाइप केल्यासारखे दिसते, आणि चाळणीची भुवई वर जाते.

यातून सुटण्याचे उपाय आहेत आणि ते नीरस आहेत. नाव पुतण्याच्या नव्हे तर कंपनीच्या खात्यावर असावे. रजिस्ट्रारकडे नोंदवलेला मेल त्या नावावरचा नसावा. दुसऱ्या ठिकाणचा असावा आणि तो रोज कोणीतरी उघडावा. रजिस्ट्रार निवडताना भाव नंतर बघावा, आधी त्याच्या फोनवर माणूस येतो का ते बघावे. फोन नाव घेण्यापूर्वी करावा. बातमीपत्रे आणि खंडेनवमीच्या शुभेच्छा वेगळ्या उपनावावरून किंवा त्याच कामाच्या सेवेतून पाठवाव्यात. वर्डप्रेस अद्ययावत ठेवावे, लेथचा नियम लेथपुरता ठेवावा. ज्यांचे फार काही पणाला आहे त्यांच्यासाठी ‘रजिस्ट्री लॉक’ नावाची सोय आहे: मग शेरा बदलायचा तर रजिस्ट्रारला रजिस्ट्रीकडे माणसाकरवी ओळख पटवावी लागते. तिचे पैसे निराळे पडतात.

आणि निलंबनाच्या काळात नावाची मुदत थांबत नाही. ती ठरल्या तारखेलाच संपते, आणि नूतनीकरणाची आठवण नोंदवलेल्या पत्त्यावरच येते.